नित्याचा विमानप्रवास : जाच आणि मौज

खोपट म्हटले की ठाण्याबाहेरच्या माणसाला आधी एस. टी. आठवते. गावाकडची गाडी इथे येते, बोचकी उतरतात, म्हाताऱ्यांना हात देऊन खाली घेतले जाते आणि जो तो आपापल्या वाटेने पांगतो. पण आताशा याच खोपटात पहाटे तीनच्या सुमारास चाकांची पेटी घेऊन उभा असलेला दुसरा एक प्रवासी दिसतो. त्याला एस. टी. नको असते. तो भाड्याच्या मोटारीची वाट पाहत असतो, कारण त्याला सहाचे विमान गाठायचे असते. महिन्यातून तीन-चार वेळा हेच. कधी नागपूर, कधी दिल्ली, कधी बंगळूर. विमानात बसायचे म्हणजे घरादाराने निरोपाला जायचे, असा एक काळ होता. या माणसाची बायकोही आता झोपेतून उठत नाही. दार ओढून घ्या, एवढेच म्हणते.

अशा नित्याच्या प्रवाशाला जाच कोणते होतात, त्यातल्या त्यात मौज कोणती मिळते आणि या दोहोंमागची कारणे काय, हे आज आपल्याला पाहायचे आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही शेतीभातीची माणसे, आम्हाला विमानाच्या जाचाचे काय? तर मंडळी, तसे राहिलेले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन उतरले, तेव्हा त्यात उतारू नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. तिथपासून वाट फार पुढे आली आहे. लहान शहरांना जोडणारी ‘उडान’ योजना २७ एप्रिल २०१७ रोजी प्रत्यक्षात आली, त्या पहिल्या दिवसाच्या मार्गांत आपले नांदेड होते. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. आज गावागावांतून कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा भाचा विमानाने येजा करतो आहे. त्याची वाट पाहणारे तुम्ही आहात. म्हणून हे तुमच्याही कामाचे आहे.

आधी वेळेचा हिशेब करू. खोपटाहून निघून नागपूरला जायचे आहे असे समजा. विमान सहाला सुटते. सामान घेण्याची खिडकी बहुधा तासभर आधी बंद होते आणि विमानाचे दारही सुटण्याच्या वेळेआधी चांगले वीस-पंचवीस मिनिटे लागते. तेव्हा घरून निघायचे तीनला. पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी, तिथून जोगेश्वरीच्या जोडरस्त्याने अंधेरीकडे. पहाटे हा रस्ता पाऊण तासाचा. संध्याकाळी तोच दीड तासाचा होतो, पावसाळ्यात तर त्याला हिशेबच नाही. मग रांगा, तपासणी, पुन्हा रांग. सहाला विमान उडाले, साडेसातला नागपूर आले. सामान येईपर्यंत थांबा, बाहेर या, शहरात पोचा, तो साडेआठ. म्हणजे एकूण साडेपाच तास. त्यांपैकी हवेत दीड आणि जमिनीवर चार! रेल्वेला याच प्रवासाला एक रात्र लागते, तेव्हा वेळ वाचतो हे खरेच. पण विमान म्हणजे दीड तास, असे जो धरून चालतो त्याची फसगत होते. नित्याचा प्रवासी हे जाणून असतो. विमानाचा जाच बहुतेक जमिनीवरच असतो.

हा जमिनीवरचा जाच म्हणजे मुख्यतः खोळंबा. आणि माझे सांगणे असे की खोळंब्याच्या दोन जाती आहेत. एक राखणीचा खोळंबा, म्हणजे कोणाचा तरी जीव सांभाळण्यासाठी झालेला. दुसरा हयगयीचा, म्हणजे कोणी तरी आपले काम नीट न केल्यामुळे झालेला. बाकावर ताटकळत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्याला धीर धरावा आणि दुसऱ्याला जाब विचारावा. हे उलटे झाले, म्हणजे राखणीवर चिडलो आणि हयगय मुकाट सोसली, तर आपलेच नुकसान.

तपासणीच घ्या. पट्टा काढा, खिशातली नाणी काढा, पेटी यंत्रातून घाला. महिन्यातून चारदा हे करताना माणूस कंटाळतो. पण ही राखण उगीच आलेली नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची राखण हळूहळू केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. आज रांगेच्या तोंडाशी उभा असलेला जवान त्याच दलाचा.

गावाकडून निघणाऱ्याची अडचण निराळी. आईने पिशवीत बांधून दिलेले सुके खोबरे विमानतळावर काढून ठेवायला लावतात, आणि पोराला वाटते, खोबऱ्याने कोणाचे काय बिघडवले? त्याचे कारण असे की सुक्या खोबऱ्यात तेलाचा अंश फार असतो. बंद जागेत हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते आपोआप तापू शकते, कधी पेटही घेते. म्हणून आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या यादीत त्याची गणना होते आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीत ते चालत नाही. मोबाइलला वीज पुरवणारी सुटी बॅटरी, जिला पॉवर बँक म्हणतात, तीही त्या पेटीत चालत नाही. ती मात्र जवळ बाळगायची. कारण पोटातल्या सामानात ती पेटली तर कोणाच्या ध्यानात येणार नाही. माणसांत पेटली तर विमानातले कर्मचारी लगेच विझवू शकतात. लोणच्याची बरणी द्यायची तर ती हातातल्या पिशवीत देऊ नका. तेल सुटलेल्या बरणीला तपासणीत हरकत घेतली जाते. नीट तोंड बांधून मोठ्या पेटीत घाला आणि कंपनीला आधी विचारा. बहुतेक कंपन्यांत देशांतर्गत प्रवासाला मोठी पेटी पंधरा किलो आणि हातातली सात किलो, एवढीच मुभा असते. हे आधी माहीत असेल तर खिडकीपाशी पेटी उघडून लाडू इकडचे तिकडे करण्याची वेळ येत नाही.

आता उशिराकडे वळू. आकाश निरभ्र, विमानतळावर ऊन, आणि फळ्यावर लिहिलेले की दोन तास उशीर. मग हा उशीर आला कोठून? एस. टी.चा अनुभव असणाऱ्याला हे चटकन कळेल. मुक्कामाची गाडी पहाटे वेळेवर सुटली नाही की दिवसभराच्या साऱ्या फेऱ्या ढकलल्या जातात. विमानाचे तेच आहे. एकच विमान दिवसातून चार-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्लीला धुक्याने अडकले, की दुपारी मुंबईला, संध्याकाळी गोव्याला आणि रात्री पुन्हा मुंबईला, असा तो उशीर वाटभर पसरत जातो. म्हणून जाणकार प्रवासी पहाटेचे पहिले विमान धरतो. रात्री येऊन उभे राहिलेले ते विमान असते. त्याच्या मागे दुसऱ्या कोणाचा उशीर नसतो.

धुक्यातली एक गंमत सांगतो. दाट धुक्यातही विमान उतरवता येईल अशी यंत्रणा दिल्लीसारख्या विमानतळावर आहे. पण नुसत्या जमिनीवरच्या यंत्राने भागत नाही. विमानात तसे साधन हवे आणि वैमानिकाने त्याचे खास शिक्षण घेतलेले हवे. शिवाय उडताना धावपट्टी उतरतानापेक्षा अधिक लांबवर दिसावी लागते, कारण तेव्हा वैमानिक डोळ्यांनी पाहून विमान सरळ पळवत असतो. म्हणून कधी कधी विमाने उतरत असतात आणि उडत मात्र नाहीत. प्रवासी काचेतून हे पाहतो आणि संतापतो. कारण कळले तर संताप अर्धा होतो.

मुंबईची अडचण आणखी वेगळी. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेद देतात. तिठ्यावर दोन गाड्या एकदम घालता येत नाहीत, तसे दोन्हींवर एकदम विमाने चालवता येत नाहीत. व्यवहारात एकीवरच काम चालते. त्या एकीवर गर्दीच्या वेळी तासाला चाळिसांहून अधिक विमाने उतरतात आणि उडतात, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक. एकाने जरा वेळ लावला की मागच्यांनी आकाशात घिरट्या घालायच्या. खाली आपले घर दिसते आहे आणि विमान पुन्हा वळते आहे, असा अनुभव ठाणे-कल्याणच्या प्रवाशाला पुष्कळदा येतो. घाबरण्याचे कारण नसते. विमानात मुक्कामापुरते इंधन तर असतेच, शिवाय दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल इतके आणि त्यावर सुमारे अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके शिलकीत ठेवावेच लागते. ही दाटी हलकी व्हावी म्हणून नवी मुंबईचा विमानतळ बांधण्यात आला. त्याचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली.

धुके, पाऊस, दाटी ही सारी राखणीच्या खोळंब्याची उदाहरणे. वैमानिकाच्या झोपेचेही तसेच. रात्रीचा एस. टी. चालक जागा असावा असे आपल्याला वाटते, मग दोनशे माणसे घेऊन उडणारा वैमानिक पुरेसा झोपलेला नको का? आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम केले. त्यांत वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. नियम चांगला. पण तो येणार हे आधीपासून ठाऊक असूनही पुरेशी तजवीज झाली नाही, आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली. लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. इथे दोन्ही जाती एकाच ठिकाणी दिसतात. वैमानिकाला झोप द्या, ही राखण. माणसे पुरेशी ठेवली नाहीत, ही हयगय. रागाच्या भरात ‘हा नियमच नको’ असे म्हणणाऱ्याने राखणीवर हात टाकला आणि हयगयीला मोकळे सोडले.

हाच भेद कायद्यानेही केला आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला कंपनीने खायला-प्यायला दिले पाहिजे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसऱ्या विमानाची सोय करावी किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत द्यावेत. जागा पक्की असून, वेळेवर येऊनही कोणाला मागे ठेवले आणि तासाभराच्या आत दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाई द्यावी लागते. मात्र वादळ, धुके, दंगल अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने झाले असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही. तेव्हा खिडकीपाशी गेल्यावर आवाज चढवण्याआधी शांतपणे विचारावे, ‘उशीर कशामुळे?’ उत्तर लिहून घ्यावे, तिकीट जपून ठेवावे. समाधान झाले नाही तर सरकारच्या ‘एअर सेवा’ या व्यवस्थेकडे तक्रार करता येते.

हे मी इतके विस्ताराने का सांगतो? कारण सगळ्यांचा उशीर सारखा नसतो. सभेला दोन तासांनी पोचलेला माणूस माफी मागून मोकळा होतो. पण मुलगा दिल्लीला, बाप गावी वारला, आणि गावकरी मयत ठेवून मुलाची वाट पाहत आहेत, अशी वेळ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी येऊन गेली आहे. ‘दोन तासांचे तर विमान आहे’ असे ओसरीवरचा कोणी तरी म्हणतो, आणि सारे घड्याळाकडे पाहत बसतात. अशा वेळी घरच्यांनी हवेतले दोन तास मोजू नयेत. दिल्लीतल्या घरापासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचे सगळे तास मोजावेत. हिवाळा असेल तर धुक्याचे आणखी धरावेत. मुलाला दर दहा मिनिटांनी फोन करून ‘कुठवर आलास’ विचारू नये. तो काचेपलीकडे उभ्या विमानाकडे पाहत बसलेला असतो, आणि त्याच्या हाती काही नसते.

असो. आता विमान उडाले असे समजा, आणि देहाला काय काय होते ते पाहू. हा भाग गुरुजींनी मुलांना अवश्य सांगावा.

मोठे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथाईच्या आसपास आणि थंडी शून्याखाली पन्नास अंश किंवा त्याहूनही खाली. अशा हवेत माणूस जगणार नाही. म्हणून बाहेरची हवा दाबून आत भरतात. पण ती अगदी जमिनीइतक्या दाबाची ठेवत नाहीत, कारण मग विमानाच्या कवचावर आतून फार ताण येईल. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत बसलेला प्रवासी दाबाच्या हिशेबाने कळसूबाईच्या माथ्याहूनही वर असतो. एवढ्या उंचीवर तासाभरात चढायचे आणि अर्ध्या तासात उतरायचे, मग कान कुरकुरणारच.

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी आहे, आणि तिला घशाशी जोडणारी एक नळी आहे. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. विमान खाली येऊ लागले की बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत दाबला जातो आणि कान बंद झाल्यासारखे वाटतात. गिळले, जांभई दिली, काही चघळले की ती नळी उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून उतरताना तान्ह्या मुलाला पाजावे. ते रडते ते हट्टाने नव्हे, कान दुखतो म्हणून. ज्याला जोराचे पडसे आहे त्याची नळी सुजलेली असते, त्याने शक्य तर प्रवास पुढे ढकलावा किंवा वैद्याचा सल्ला घ्यावा.

हे पाहायला विमानच हवे असे नाही. माळशेज घाटाच्या माथ्यावर पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली रिकामी करावी, झाकण घट्ट लावावे, आणि एस. टी.ने मुरबाडला उतरल्यावर तिच्याकडे पाहावे. ती थोडी आत चेपलेली दिसेल. माथ्यावरची विरळ हवा आत कोंडली गेली आणि खालच्या दाट हवेने बाटली दाबली. सहलीला निघालेल्या वर्गाला हा प्रयोग बिनखर्चाचा आहे. विमानात हीच बाटली पुरती चुरगळते.

चहाचेही तसेच. वर कोंडलेल्या त्या हलक्या दाबात पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे ब्याण्णव अंशांनाच उकळते, म्हणून चहा नीट उतरत नाही. त्यात आतली हवा अतिशय कोरडी, नाक सुकते, वास कमी येतो. इंजिनाच्या सततच्या घरघरीने गोड आणि खारट चवही मंद वाटते. अन्न बेचव असल्याची तक्रार सगळे करतात, पण त्यात आचाऱ्याइतकाच उंचीचाही दोष असतो. पाणी मात्र थोडे थोडे पीत राहावे आणि लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चार पावले टाकावीत.

विमान मध्येच दचकते, त्याला लोक ‘हवेचा खड्डा’ म्हणतात. हवेत खड्डा नसतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात, ढगांत ते जोराने चढतात-उतरतात, आणि विमान त्यांतून जाताना बैलगाडी ढेकळांतून जावी तसे हलते. सकाळची हवा शांत, म्हणून सकाळचा प्रवासही शांत. या धक्क्यांनी विमान मोडत नाही, पण पट्टा न बांधलेला माणूस छतावर आपटू शकतो. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला असे जबर धक्के बसले, त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तेव्हा बसल्या जागी पट्टा सैलसा का होईना, बांधलेला असावा. उतरताना खिडकीचे झाकण उघडायला लावतात आणि रात्री दिवे मंद करतात, तेही राखणीसाठीच. काही विपरीत घडले तर बाहेर आग आहे की नाही हे दिसावे आणि डोळे अंधाराला सरावलेले असावेत.

मनातली भीती मी झाकून ठेवीत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उडताच कोसळले. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि जमिनीवरचेही कित्येक गेले. त्यानंतर कित्येक घरांत आईबापांनी मुलांना ‘रेल्वेने ये’ म्हटले असेल. ती माया समजण्यासारखी आहे. पण विमानविद्येची रीत अशी की प्रत्येक अपघाताचा कसून शोध घेतला जातो आणि त्यातून पुढचा नियम बनतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन विमाने आकाशात फुटली. तपासात आढळले की वारंवार दाब चढून-उतरून पत्रा शिणतो, आणि चौकोनी भोकांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटून तिथून चीर जाते. आज विमानाची खिडकी गोलसर कोपऱ्यांची असते, ती शोभेसाठी नव्हे. नित्याचा प्रवासी ज्या नियमांना कंटाळतो, त्यांतल्या पुष्कळ नियमांमागे कोणाचा तरी प्राण गेलेला असतो.

जाच पुष्कळ झाले. आता मौज.

पहिली मौज त्याच गोलसर खिडकीची. मुंबईहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात सह्याद्रीची भिंत खाली येते. शाळेच्या नकाशात आपण कोकण आणि देश असे दोन रंग पाहिलेले असतात. इथे ते दोन रंग खरेच दिसतात. अलीकडे हिरवी खाचरे, मग एकदम कडा, आणि कड्याच्या माथ्यापासून पुढे सपाट पसरलेला देश. पावसाळा नुकताच सरला असेल तर कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा लोंबताना दिसतात. पुढे शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी एकामागून एक चमकतात. परत येताना मार्ग तसा असेल तर उल्हास नदीचे वळण, मग ठाण्याची खाडी, तिच्या काठची मिठागरे, आणि घाटकोपरची दाट वस्ती इतकी जवळ येते की छपरांवरच्या टाक्या मोजाव्यात.

दुसरी मौज विरळा. विमान ढगांच्या वरून जात असेल तर सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीतून खाली पाहावे. ढगावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांचे पूर्ण वर्तुळ दिसते. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, खाली धुके आणि पाठीशी सूर्य असला की हेच दिसते. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद करून ठेवली आहे. ढगातले अतिसूक्ष्म जलकण प्रकाश आल्या वाटेने मागे फिरवतात, म्हणून हे वर्तुळ उमटते. आणखी मौज अशी की वर्तुळाचा मध्य प्रत्येकाला आपल्याच जागी दिसतो. पुढे बसलेल्याला सावलीच्या पुढच्या भागाशी, मागच्याला मागच्या भागाशी. गिर्यारोहक ज्यासाठी गड चढून तासन्‌तास ताटकळतो ते इथे बसल्या जागी मिळते, आणि शेजारचे सारे मोबाइलवर चित्रपट पाहत असतात!

तिसरी मौज माणसांची. पहिल्यांदा विमानात बसलेली एखादी आजी शेजारी येते. पट्टा कसा अडकवायचा हे तिला कळत नाही, आणि विचारायलाही संकोचते. ‘मावशी, द्या इकडे’ म्हणून तो अडकवून द्यावा, खिडकीची जागा तिला द्यावी. विमान उडताना ती हात जोडते, मग खाली पाहते आणि शेते दिसली की विचारते, ‘हे कुठलं गाव असेल हो?’ शंभराव्यांदा बसलेल्या माणसाला त्या प्रश्नाने पहिली खेप आठवते. शेवटची मौज निवांतपणाची. दोन तास फोन वाजत नाही, कोणी हाक मारीत नाही. नोकरदाराला एवढा अवकाश घरीही मिळत नाही आणि कचेरीतही मिळत नाही.

तेव्हा मंडळी, घरचे कोणी विमानाने जाणार असेल तर चार गोष्टी सांगून ठेवा. शक्यतो सकाळचे पहिले विमान धरावे. खोबरे घरीच ठेवावे. पट्टा बांधूनच बसावे. उशीर झाला तर कारण विचारावे. राखणीसाठी थांबवले असेल तर निमूट थांबावे आणि घरी तसे कळवावे. हयगयीने थांबवले असेल तर नियमावर बोट ठेवून आपला हक्क मागावा, मात्र खिडकीपलीकडच्या पोरसवदा कर्मचाऱ्यावर ओरडू नये, विमान त्याने थांबवलेले नसते. आणि गुरुजी, माळशेजचा तो बाटलीचा प्रयोग पुढच्या सहलीत जरूर करून पाहा.